टॉवर समोर, तरी आवाज तुटका: सायमलकास्टचा सिग्नल उलगडायचा कसा

नाशिकच्या कुंभमेळ्यात पर्वणीच्या दिवशी रामकुंडापासून गाडगे महाराज पुलापर्यंत चालत गेलात, तर एक गोष्ट कानाला जाणवते. हरवलेल्या आजोबांची घोषणा सगळ्या भोंग्यांतून एकदम होते. एका भोंग्याखाली उभे असाल तर शब्द न् शब्द कळतो. पण दोन भोंग्यांच्या अधेमधे आलात की ‘दिंडोरीचे आजोबा’चं ‘दिंदिंडोडोरी’ होतं. आवाज कमी नसतो, उलट दोन्हीकडून भरपूर असतो. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. एक भोंगा दुसऱ्यापेक्षा ७० मीटर लांब असला, तर त्याचा आवाज ०.२ सेकंद उशिरा पोचतो. एवढ्या वेळात माणसाचं एक अक्षर बोलून होतं, म्हणून दुसऱ्या भोंग्याचं मागचं अक्षर पहिल्याच्या पुढच्या अक्षरावर येऊन बसतं. घोषणा करणाऱ्याने आवाज वाढवला, तरी गोंधळ तसाच राहतो.

डिजिटल रेडिओत हाच प्रकार झाला की त्याला सायमलकास्ट डिस्टॉर्शन म्हणतात. एकाच फ्रीक्वेन्सीवर, एकाच क्षणी, अनेक टॉवरवरून तोच सिग्नल सोडायचा म्हणजे सायमलकास्ट. फ्रीक्वेन्सी कमी आणि शहर मोठं असलं की ही पद्धत फार उपयोगी पडते. अमेरिकेत पोलीस आणि अग्निशमन दलांची पी२५ नावाची डिजिटल यंत्रणा अनेक ठिकाणी अशीच चालते. सगळे टॉवर जीपीएसच्या घड्याळाला बांधलेले असतात. सिग्नल निघताना एकदम निघतात, पण तुमच्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ अंतरावर ठरतो आणि तिथेच घोळ होतो.

माझा भाचा अमेरिकेत राहतो. त्याच्या खिडकीतून टॉवरचा लाल दिवा दिसतो. त्याने हौसेने रेडिओवरचे संदेश ऐकायचा स्कॅनर घेतला आणि आठवड्याभरात फोन केला, “मामा, सिग्नलच्या पट्ट्या सगळ्या भरलेल्या आहेत, पण आवाज असा येतो, जणू कुणी गुळण्या करत बोलतंय.” मी त्याला पहिल्यांदा सांगितलं की गेन, म्हणजे रिसीव्हर सिग्नल किती पटीने मोठा करतो ते, वाढव. तो सल्ला चुकीचा होता. त्यानंतर पुष्कळ रात्री इंदिरानगरच्या घरात लॅपटॉप घेऊन बसलो आणि हा विषय मुळापासून समजून घेतला. नव्याने या वाटेला लागणाऱ्यांसाठी तीच वाट क्रमाने लिहितो आहे. एक गोष्ट मात्र आधीच मनात पक्की करा: इथे सिग्नल कमी पडलेला नाही, एकाच सिग्नलच्या दोन प्रती एकमेकींवर पडल्या आहेत. जे काही करायचं, ते या प्रती वेगळ्या करण्यासाठी किंवा त्यातली एक दाबण्यासाठी.

सुरुवातीआधी कायद्याचं

नाशिकमध्ये बसून पोलीस, रुग्णवाहिका किंवा कुणाचंही खासगी बोलणं पकडायच्या फंदात पडू नका. आपल्याकडे परवानगीशिवाय संदेश मध्येच पकडणं हा गुन्हा आहे आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी तुरुंगवास आणि दंड दोन्ही आहेत. परवान्याशिवाय सिग्नल सोडायचाही नाही, अगदी ‘घरातल्या घरात, थोड्या पॉवरवर’सुद्धा नाही. काळजी करू नका, त्याने शिकण्यात काही कमी पडत नाही. खालचा मुख्य प्रयोग एका फाइलवर होतो, त्याला अँटेनाही लागत नाही. आणि फाइलवर शिकण्याचा एक मोठा फायदा आहे: पाठवलेले बिट तुम्हीच तयार केलेले असतात, त्यामुळे बरोबर उत्तर हातात असतं. हवेतल्या सिग्नलवर तुम्ही फक्त ‘बरं वाटतंय’ एवढंच म्हणू शकता.

पायरी १: चार आकडे पाठ करा

पी२५ च्या पहिल्या टप्प्यात सेकंदाला ४८०० सिम्बॉल, म्हणजे सिग्नलचे एकेक ठोके, जातात. प्रत्येक सिम्बॉलमध्ये दोन बिट, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. एक सिम्बॉल २०८ मायक्रोसेकंदांचा. सिम्बॉल चार प्रकारचे: +३, +१, −१, −३. +३ म्हणजे फ्रीक्वेन्सी १८०० हर्ट्झने वर, +१ म्हणजे ६०० हर्ट्झने वर, आणि उणे असतील तर तेवढंच खाली.

आता एक सुंदर गोष्ट बघा. १८०० हर्ट्झचा फरक एका सिम्बॉलभर, म्हणजे सेकंदाच्या ४८०० व्या भागापुरता टिकला, तर फेज, म्हणजे लहर तिच्या फेऱ्यात जिथे पोचली आहे ती जागा, किती फिरतो? १८०० भागिले ४८००, म्हणजे ०.३७५ फेरा, म्हणजेच १३५ अंश. ६०० हर्ट्झचा फिरतो ४५ अंश. तोच सिग्नल ‘फ्रीक्वेन्सी किती सरकली’ असाही वाचता येतो आणि ‘एका सिम्बॉलमध्ये फेज किती फिरला’ असाही. सायमलकास्ट टॉवर बहुतेकदा ज्या पद्धतीने सोडतात, तिचं नाव सीक्यूपीएसके. तिच्यातही फेज ४५ किंवा १३५ अंशच फिरतो, फक्त सिग्नलची उंचीही, म्हणजे त्याचा जोर, कमीजास्त होत राहते. पुढचं सगळं याच दुसऱ्या वाचनावर उभं आहे.

अंतराचं गणित सोपं आहे. रेडिओलहर मायक्रोसेकंदाला ३०० मीटर जाते. समजा, एक काल्पनिक टॉवर त्र्यंबकला आणि दुसरा सिन्नरला आहे, आणि तुम्ही सातपूरला. पहिला २१ किलोमीटरवर, दुसरा ३३ वर धरा. फरक १२ किलोमीटरचा, म्हणजे ४० मायक्रोसेकंद, म्हणजे सिम्बॉलचा जवळजवळ पाचवा हिस्सा. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर या, तिथून दोन्ही अंतरं जवळपास सारखी होतात आणि उशीर संपतो. पण उशीर संपला म्हणून त्रास संपला असं नाही, कारण दोन्ही लहरी फेजने उलट्या आल्या तर एकमेकींना खाऊन टाकतात. उशीर आणि फेज हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नवीन माणूस ते एकच समजतो आणि अडकतो.

पायरी २: स्वच्छ सिग्नल बनवा

लॅपटॉपवर जीएनयू रेडिओ हे मोफत सॉफ्टवेअर घाला. विंडोजवर रेडिओकोंडा नावाचा गठ्ठा मिळतो, त्यातून ते सहज बसतं. लिनक्सवर एका आज्ञेत काम होतं.

नवीन फ्लोग्राफ, म्हणजे ब्लॉक जोडायचा कोरा नकाशा, उघडा आणि सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला सिग्नलची किती मोजमापं, ४८००० ठेवा. म्हणजे एका सिम्बॉलला बरोबर १० सॅम्पल. आता एकामागे एक ब्लॉक जोडा. रँडम सोर्सचा किमान आकडा ०, कमाल ४. इथे कमाल आकडा धरला जात नाही, म्हणून ० ते ३ मिळतील. ३ घातलात तर चौथा सिम्बॉल कधीच येणार नाही आणि तुम्ही तासभर शोधत बसाल. रिपीट चालू ठेवा, म्हणजे तोच क्रम पुन्हा पुन्हा येईल आणि नंतर चुका मोजता येतील. पुढे चंक्स टू सिम्बॉल्स, त्याचा तक्ता १, ३, −१, −३ या क्रमाने. मग रिपीट ब्लॉक, १० वेळा. मग थ्रॉटल, नाहीतर लॅपटॉपचा पंखा किंचाळायला लागतो. शेवटी फ्रीक्वेन्सी मॉड, संवेदनशीलता ०.०७८५.

हा शेवटचा आकडा कुठून आला ते समजून घ्या: ६०० हर्ट्झला ४८००० ने भागून २ पायने गुणलं. म्हणजे +३ असेल तेव्हा दर सॅम्पलला फेज १३.५ अंश फिरतो, दहा सॅम्पलमध्ये १३५. खऱ्या प्रक्षेपकात सिम्बॉलच्या कडा गोल करणारा फिल्टर असतो, नाहीतर शेजारच्या चॅनेलवर सांडतं. फाइलमध्ये शेजारी कुणी नाही, म्हणून पहिल्या प्रयोगात तो मुद्दाम वगळा. चौकोनी कडांमुळे पुढचं गणित हाताने पडताळता येतं.

पायरी ३: साध्या पद्धतीने वाचा

क्वाड्रेचर डिमॉड जोडा, गेन १२.७३. पडद्यावर +३, +१, −१, −३ अशा चार स्वच्छ पायऱ्या दिसतील. हा ब्लॉक म्हणजे जुना एफएम डिस्क्रिमिनेटर. एका सॅम्पलपासून दुसऱ्यापर्यंत फेज किती फिरला एवढंच तो पाहतो, सिग्नल किती उंच आहे हे बघतच नाही. बहुतेक साधे स्कॅनर आतून हेच करतात, आणि एकच टॉवर असेल तर हे छान चालतं. दहा मिनिटांचं काम आहे, पुढे चला.

पायरी ४: दुसरा टॉवर उभा करा

इथे घाई करू नका. सगळा विषय याच पायरीत आहे.

फ्रीक्वेन्सी मॉडमधून निघालेला सिग्नल दोन वाटांनी न्या. पहिली वाट सरळ ॲड ब्लॉकमध्ये. दुसरी वाट आधी डिले ब्लॉकमधून, मग मल्टिप्लाय कॉन्स्टंटमधून आणि मग त्याच ॲडमध्ये. ४८००० च्या रेटला एक सॅम्पल २०.८ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सव्वासहा किलोमीटरचा. डिले २ ठेवा, म्हणजे साडेबारा किलोमीटर. आपला सातपूरचा मुक्काम.

गुणक आधी ०.३ ठेवा. म्हणजे दुसरा टॉवर पहिल्यापेक्षा साधारण १० डेसिबलने खाली. पायऱ्या थोड्या थरथरतात, पण वाचता येतात. हा १० डेसिबलचा आकडा लक्षात ठेवा, अँटेनाकडे गेल्यावर तोच लागणार आहे. आता ०.७ करा. मग ०.९ करा आणि पुढे उणे चिन्ह द्या: −०.९. उणे म्हणजे दुसरी लहर १८० अंश उलटी. पडद्यावर पायऱ्यांच्या जागी काटे उभे राहतील, ±३ ची मर्यादा सोडून वर +१७ आणि खाली −१७ पर्यंत जाणारे.

तो काटा कुठून येतो ते एकदा कागदावर करून बघा, आयुष्यभर विसरणार नाही. +३ चालू आहे. दुसरी प्रत दोन सॅम्पल मागे आहे, म्हणून तिचा फेज २७ अंश मागे. पहिली प्रत १ उंचीची धरून तिच्यातून ०.९ उंचीची दुसरी वजा केली, तर बेरजेची उंची निघते साधारण ०.४५ आणि तिचा फेज मूळ फेजपेक्षा ६४ अंश पुढे. आता +३ नंतर लगेच −३ आला. दोन सॅम्पलमध्ये २७ चा फरक शून्यावर येतो आणि मग उणे २७ होतो. शून्यावर असताना दोन्ही प्रती बरोबर एकमेकींसमोर येतात. १ वजा ०.९, उरली उंची ०.१. आणि बेरजेचा फेज याच दोन सॅम्पलमध्ये अधिक ६४ वरून उणे ६४ वर उडी मारतो, म्हणजे एकूण १२८ अंश. एका पूर्ण +३ सिम्बॉलचा फेरा १३५ अंशांचा असतो. म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी जवळजवळ एका अख्ख्या सिम्बॉलएवढा खोटा फेरा डिस्क्रिमिनेटरने खरा मानला.

आणि ही उडी कधी घडते? सिग्नलची उंची सगळ्यात कमी असते तेव्हा, म्हणजे गोंगाट सगळ्यात जास्त चावतो तेव्हा. उंची बघणाऱ्या वाचकाला इथे लगेच कळलं असतं की या क्षणावर फार विश्वास ठेवू नये. डिस्क्रिमिनेटरला ते कळायला जागाच नाही.

+३ मागून +३ आला तर काटा येत नाही. म्हणजे चूक कोणत्या सिम्बॉलमागे कोणता आला यावर अवलंबून आहे. म्हणूनच काही शब्द स्वच्छ येतात आणि काही गुळण्या करतात.

एक जोड अजून द्या. दुसऱ्या वाटेला १ हर्ट्झचा एक मंद फिरणारा सिग्नल गुणा. दोन टॉवरच्या घड्याळांत एवढासा फरक राहू शकतो. आता चित्र श्वास घेतल्यासारखं बदलेल: सेकंदाच्या एका भागात स्वच्छ, दुसऱ्या भागात काटेच काटे. माझ्या भाच्याचा तुटका आवाज हाच होता. त्याने पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये कंट्रोल चॅनेलची, म्हणजे यंत्रणेचे स्वतःचे संदेश नेणाऱ्या चॅनेलची, उंची नेमकी अशीच डोलत होती.

पायरी ५: फेज आणि उंची दोन्ही हातात धरून वाचा

दोन प्रतींची बेरीज ही साधी बेरीज आहे. साध्या बेरजेने झालेला बिघाड साध्या फिल्टरने उलटा करता येतो, पण सिग्नल आय-क्यू रूपात, म्हणजे उंची आणि फेज दोन्हींसकट, असेपर्यंतच. एकदा डिस्क्रिमिनेटरमधून गेला की उंची फेकली गेली. मग मागे कितीही चांगला फिल्टर लावा, ती भाजणी परत धान्य होत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी दुरुस्ती, मग वाचन.

ॲड ब्लॉकमधून निघालेल्या सिग्नलवर वरच्या फ्रीक्वेन्सी गाळणारा हलका लो-पास फिल्टर लावून पाचातला एक सॅम्पल ठेवा, म्हणजे सिम्बॉलला दोन सॅम्पल राहतील. पुढे लिनिअर इक्वलायझर हा ब्लॉक घ्या आणि त्याला सीएमए प्रकारचा ॲडॅप्टिव्ह, म्हणजे चालता चालता शिकणारा, अल्गोरिदम द्या. सिम्बॉलला सॅम्पल २, टॅप, म्हणजे फिल्टरचे गुणक, ११ पासून सुरू करा, शिकण्याच्या पावलाचा आकार ०.००१ च्या आसपास. इक्वलायझरमधून निघालेला सिग्नल डिफरेंशियल फेझरमध्ये न्या, मग कॉम्प्लेक्स टू आर्ग, मग १.२७३ ने गुणा. ४५ अंशांचा १ होतो, १३५ अंशांचे ३. तुमचे चार सिम्बॉल परत आले. डिफरेंशियल फेझरनंतरच्या कॉन्स्टेलेशनमध्ये, म्हणजे फेज आणि उंची ठिपक्यांनी दाखवणाऱ्या चित्रात, सुरुवातीला चार धुरकट ढग दिसतील, आणि इक्वलायझर शिकत गेला की ते आक्रसून फुलीच्या चार टोकांवर बसतील. पहिल्यांदा हे बघताना मी रात्री दीड वाजता घरातल्यांना उठवलं होतं.

ढग बसतच नसतील, तर पाचातला एक निवडण्याआधी एक डिले ब्लॉक टाका आणि ० ते ९ पर्यंत बदलत बघा. सिम्बॉलच्या बरोबर सीमेवर सॅम्पल पडला तरच फेरा पूर्ण मोजला जातो, मध्येच पडला तर मागच्या-पुढच्या सिम्बॉलची सरासरी येते. हवेतल्या सिग्नलवर हे काम सिम्बॉल सिंक ब्लॉक गार्डनर पद्धतीने आपोआप करतो. पण शिकताना एकदा हाताने करा, म्हणजे तो ब्लॉक कुठे चुकतो हे नंतर ओळखता येतं.

सीएमएचं तत्त्व आपल्या सोयीचं आहे. त्याला कोणता सिम्बॉल पाठवला हे माहीत नसतं. त्याला एवढंच ठाऊक असतं की निरोगी सिग्नलची उंची एकसारखी असली पाहिजे. उंची डोलली की तो टॅप थोडे थोडे हलवतो आणि ती सपाट करत नेतो. आपल्या फाइलमधल्या सिग्नलची उंची सतत एकसारखी आहे, आणि सीक्यूपीएसकेची निदान सिम्बॉलच्या क्षणी एकसारखी असते, म्हणून दोन्हींवर हे चालतं. फेज किती वळलाय याची त्याला फिकीर नाही. आपल्यालाही नाही, कारण पुढे आपण दोन सिम्बॉलमधला फरकच वाचतो.

त्याच्या मर्यादाही माहीत हव्यात. पाऊल मोठं ठेवलं तर तो भरकटतो. बोलणं थांबून नुसता गोंगाट उरला तर तो गोंगाटालाच सपाट करायला जातो आणि टॅप बिघडवून ठेवतो. म्हणून नवं प्रक्षेपण सुरू होताच त्याला मूळ स्थितीत आणा: मधला टॅप १, बाकी शून्य. आणि गुणक −०.९ च्या पलीकडे गेला की तोही थकतो. दोन्ही प्रती सारख्या आणि उलट्या असतील तर पट्ट्याच्या मधोमध सिग्नल उरलेलाच नसतो. नाहीसं झालेलं परत आणताना तो गोंगाटच फुगवतो. अशा वेळी सॉफ्टवेअर सोडा आणि अँटेना हातात घ्या.

पायरी ६: चुका मोजा

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. पाठवलेले आणि वाचलेले बिट शेजारी ठेवून चुकांचं प्रमाण काढा. पी२५ रेडिओची संवेदनशीलता ५ टक्के बिटचुकांच्या पातळीवर मोजतात, तीच रेघ आपणही धरू. एक वही करा: डिले, गुणक, फेज, साध्या वाचनाच्या चुका, इक्वलायझरनंतरच्या चुका. पंचवीस-तीस ओळी झाल्या की ज्ञान आपोआप हाताशी येतं. खऱ्या सिग्नलवर पाठवलेले बिट माहीत नसतात, तिथे कंट्रोल चॅनेलच्या संदेशांची सीआरसी तपासणी, म्हणजे संदेश बिनचूक आला का याची पडताळणी, किती वेळा नापास झाली ते मोजतात. ते चॅनेल सतत चालू असतं आणि त्यात कुणाचं बोलणं नसतं, म्हणून मोजणीला तेच उत्तम. भाच्यालाही मी तेवढंच रेकॉर्ड करून पाठवायला सांगितलं होतं.

पायरी ७: रिसीव्हरची शिस्त

आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे लॅपटॉपला जोडायचा छोटा रिसीव्हर, घ्याल तेव्हा ज्याच्या आत तापमानाला स्थिर राहणारा ऑसिलेटर आहे तोच घ्या. कारण हिशेबात दिसतं. १ पीपीएमची, म्हणजे दहा लाखात एक भागाची, चूक ८५० मेगाहर्ट्झला ८५० हर्ट्झ होते. एका सिम्बॉलमध्ये तेवढ्याने फेज जवळजवळ ६४ अंश जास्त फिरतो. आणि आपले चार बिंदू एकमेकांपासून ९० अंशांवर आहेत, म्हणजे सहन होणारी चूक फक्त ४५ अंशांची. अख्खं कॉन्स्टेलेशन शेजारच्या खोलीत जाऊन बसतं आणि प्रत्येक सिम्बॉल चुकीचा वाचला जातो. इक्वलायझर यात काही करू शकत नाही. आधी फ्रीक्वेन्सी सुधारा, मग बाकी सगळं.

गेन आपोआप ठेवू नका. डोंगलच्या आत फक्त ८ बिट आहेत, जवळचा टॉवर असेल तर ते भरून सांडतात आणि सांडलेला सिग्नल पुन्हा त्याच जातीचे काटे तयार करतो. गेन खाली आणत जा, गोंगाटाची पातळी जिथे हलायची थांबते तिथून थोडं वर थांबा. बहुतेक वेळा नवशिक्याचा गेन गरजेपेक्षा पुष्कळ जास्त असतो.

ज्यांचं वास्तव्य अशा देशात आहे जिथे हे ऐकणं कायदेशीर आहे, त्यांच्यासाठी तयार सॉफ्टवेअर आहे. एसडीआरट्रंकमध्ये चॅनेल बनवताना सी४एफएम की एलएसएम असं विचारतात, सायमलकास्ट असेल तर एलएसएम निवडा. ओपी२५ मध्ये सीक्यूपीएसकेचा पर्याय आहे. आयतं यंत्र हवं असेल तर युनिडेनचा एसडीएस१०० हा स्कॅनर २०१८ मध्ये आला, तो आय-क्यू पद्धतीने वाचतो आणि त्यामुळे इथे साध्या स्कॅनरपेक्षा पुष्कळ सरस ठरतो.

पायरी ८: अँटेना

०.३ चा गुणक आठवा. एक टॉवर दुसऱ्यापेक्षा १० डेसिबलने वर आला की अर्धी लढाई संपते. हे सगळ्यात स्वस्तात यागी अँटेनाने होतं, म्हणजे एकाच दिशेला जास्त ऐकणाऱ्या अँटेनाने. ती सगळ्यात जोरदार टॉवरकडे रोखायची असा नियम नाही. नको असलेला टॉवर तिच्या बाजूच्या किंवा मागच्या बहिऱ्या कोनात गेला पाहिजे, आणि त्यासाठी कधी कधी मुख्य टॉवरपासूनही थोडं तिरकं बघावं लागतं. हळूहळू फिरवा आणि पट्ट्यांऐवजी चुकांचा आकडा बघा. यागी नसेल तर भिंत वापरा: अँटेना उंच नेण्याऐवजी खाली आणा, इमारतीचा आडोसा नको असलेल्या टॉवरकडे येईल अशी ठेवा.

अँटेना थोडीशी हलवणं हाही उपाय आहे. ८५० मेगाहर्ट्झची लहर ३५ सेंटीमीटरची, आणि समोरासमोरून येणाऱ्या दोन लहरींमधले खड्डे अर्ध्या लहरीवर, म्हणजे साडेसतरा सेंटीमीटरवर पडतात. वीतभरापेक्षाही कमी. टेबलावरची अँटेना बोटभर सरकवली आणि आवाज सुधारला, हा योगायोग नसतो.

हे नाशिकमध्ये कायदेशीरपणे अनुभवायचं असेल तर गच्चीवर जा आणि आकाशवाणी नाशिकचं १०१.४ लावा. तिथे लहर जवळजवळ तीन मीटरची, म्हणून खड्डे दीड मीटरच्या आसपास. छोट्या रेडिओची अँटेना आखडून घ्या आणि पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत सावकाश चाला. एखाद्या जागी निवेदिकेचा ‘स’ थुंकल्यासारखा फुटेल, दोन पावलं पुढे पुन्हा स्वच्छ होईल. इथे दुसरा टॉवर नाही, इमारतींवरून किंवा पांडवलेणीच्या डोंगरावरून परतलेली लहर दुसऱ्या टॉवरचं काम करते. गणित तेच आहे.

हवेतल्या डिजिटल सिग्नलचं कॉन्स्टेलेशन बघायची हौस असेल तर रशियाच्या मेटिऑर-एम हवामान उपग्रहांकडे वळा. ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, बहुतेकदा सेकंदाला ७२००० सिम्बॉलने, चार फेजांच्या क्यूपीएसके जातीचा सिग्नल सोडतात आणि चित्रं सगळ्यांसाठी खुली आहेत. साडेत्रेपन्न सेंटीमीटरच्या दोन सळया १२० अंशांत बसवल्या की अँटेना तयार, सॅटडंप हे सॉफ्टवेअर बाकीचं करतं. स्वतः सिग्नल सोडून प्रयोग करावेसे वाटले तर हौशी रेडिओची एएसओसी परीक्षा द्या, परवाना घ्या आणि मग हौशींच्या पट्ट्यात परवान्याच्या अटींत राहून करून बघा.

भाच्याचं पुढे काय झालं ते सांगतो. त्याच्या खिडकीतला लाल दिवा ९ किलोमीटरवर होता आणि दुसरा टॉवर २० किलोमीटरवर, पण टेकडीवर. म्हणून दोघांचा जोर जवळपास सारखा यायचा, आणि मध्ये ३७ मायक्रोसेकंदांचा उशीर. त्याने बाल्कनीत छोटी यागी बांधली, टेकडीचा टॉवर तिच्या पाठीमागे येईल अशी, गेन निम्म्यावर आणला आणि एसडीआरट्रंकमध्ये एलएसएम निवडलं. त्या रात्री त्याने मला फक्त नापास संदेशांच्या तक्त्याचा फोटो पाठवला. खाली एक ओळ होती: “मामा, आता यागी नेमकी किती अंशांवर आहे ते खडूने कठड्यावर लिहून ठेवलंय.”